झाडाची झोप आणि वऱ्हाडचा ताण

स्प्रूसचं बोन्साय अमरावतीत किंवा अकोल्यात गच्चीवर जगेल का, असं बागकामाची आवड असणारी मंडळी हल्ली विचारतात. चित्रांत ते झाड फार देखणं दिसतं. हातभर उंची, खाली झुकलेल्या फांद्या, बुंध्यावर शेवाळ आणि वय म्हणे शंभर वर्षं. उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'नाही' असंच द्यावं लागेल. पण ते 'नाही' कशामुळे, हे समजून घ्यायला लागलं की आपण जपानच्या उत्तरेकडच्या बेटांवरून निघून थेट वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बगीच्यात येऊन पोचतो. आजचं बोलणं त्या प्रवासाविषयी आहे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. स्प्रूस हे थंड मुलखातलं सूचिपर्णी झाड. त्याची एक जात आपल्या हिमालयात देवदाराच्या वरच्या अंगाला वाढते, हिमाचलात तिला 'रई' म्हणतात. सुई गळून पडली की फांदीवर एक बारीक खुंटी उरते, त्यामुळे जुन्या फांदीवरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. आपल्याकडे रोपवाटिकांत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा अरोकारिया असतं. ते दक्षिण गोलार्धातलं, निराळ्या कुळातलं झाड. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ते बरं दिसतं, पण स्प्रूस समजून त्याला कात्री लावू नये.

झाडं कुंडीत खुजी ठेवण्याची कला मूळची चीनची. तिथल्या तांग घराण्यातल्या एका राजपुत्राच्या थडग्यात, इ.स. ७०६ च्या सुमारास रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. त्यांत एक सेवक तबकात लहानगी झाडं आणि दगड घेऊन चाललेला दिसतो. जपानमध्ये १३०९ सालच्या एका चित्रपटात थाळीत लावलेली खुजी झाडं रंगवली आहेत. हा चित्रपट म्हणजे गुंडाळी उलगडत पाहायचा, आपल्या चित्रकथी परंपरेच्या जवळचा. पुढे १९२३ च्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथल्या बोन्साय करणाऱ्या घराण्यांनी शहर सोडलं आणि १९२५ साली ओमिया इथं स्वतःची वस्ती वसवली. मोकळी हवा, स्वच्छ पाणी आणि झाडांना हवी तशी माती त्यांना तिथं मिळाली.

या ओमियातल्या काटो घराण्याच्या 'मान्सेई-एन' रोपवाटिकेनं स्प्रूसला नाव मिळवून दिलं. ही जात एझो स्प्रूस. एझो हे होक्काइदो बेटाचं जुनं नाव. त्याच्याही पलीकडे कुनाशिर नावाचं बेट आहे. तिथल्या दलदलीत, वर्षातले कित्येक महिने बर्फाच्या ओझ्याखाली दबून, ही झाडं आपणहून खुजी राहत. माणसांनी ती उचलून कुंडीत आणली. १९४५ साली सोव्हिएत सैन्यानं कुनाशिर घेतलं आणि जपान्यांची तिकडची वाट बंद झाली. बोन्सायच्या पुस्तकांत जुन्या एझो स्प्रूसचं जे कौतुक आढळतं, त्यामागे हे हातचं गेलेलं बेटही आहे.

आता या झाडाचं वर्ष कसं जातं ते पाहू. वसंतात कळ्या फुगू लागल्या की कुंडी बदलायची. तीही दरवर्षी नाही, तीन ते पाच वर्षांतून एकदा. त्या वेळी मुळांचा काही भाग छाटतात, पण सगळी माती झटकून मुळं उघडी करत नाहीत, ते या झाडाला सोसत नाही. मग पोपटी फुटवा येतो. त्याचे शेंडे चिमटीत धरून खुडायचे असतात. कात्री चालवली तर कापलेल्या सुयांची टोकं तांबूस पडतात आणि झाड महिनोन् महिने भाजल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात दुपारची सावली आणि पानांवर पाण्याचा फवारा. फुटवा जून झाला की खत सुरू करायचं, ते शरद ऋतू संपेपर्यंत. फांद्यांना वळण देण्यासाठी तार गुंडाळायची ती शरद ते हिवाळा या काळात. स्प्रूसची फांदी लवचीक असते, पण हट्टीही असते. तार काढली की पुन्हा पूर्वपदावर जायला बघते, म्हणून तार वर्ष-दोन वर्षंसुद्धा ठेवावी लागते.

आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात झाडाला झोपू द्यायचं. नवखा माणूस इथंच चुकतो. थंडी पडली म्हणून मायेनं कुंडी घरात आणतो आणि झाड मारतो. स्प्रूसला उबेची नव्हे, थंडीची गरज असते. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या कळ्या मिटतात आणि त्यानंतर शून्य ते सहा-सात अंशांच्या आसपासची थंडी आठवडेच्या आठवडे मिळाली, तरच त्या पुढच्या वसंतात एकदिलानं उघडतात. जणू कळी आतल्या आत थंडीचा हिशोब ठेवते. हिशोब पुरा झाला नाही तर फुटवा अर्धवट येतो, एका फांदीला येतो तर दुसरीला येत नाही. अशी अपुरी झोप दोन-तीन वर्षं झाली की झाड खंगतं.

आता आपल्या गावाकडे वळू. अमरावती काय, अकोला काय, समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. जानेवारीतल्या चांगल्या थंड रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा स्वेटर काढावा लागतो. मे महिन्यात तर ४५ अंशांचं आपल्याला अप्रूप नाही. लोक म्हणतात, स्प्रूस आपल्या उन्हानं मरेल. ऊन मारीलच, पण हिरवी जाळी बांधून आणि दिवसातून दोनदा पाणी देऊन उन्हातून एखादं झाड वाचवता येईल. हिवाळा कुठून आणायचा? चिखलदरा अकराशे मीटरवर आहे. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सननं ते ठिकाण थंड हवेसाठी हेरलं आणि पुढे तिथं कॉफीही रुजली. पण कॉफीला मानवणारी थंडी आणि स्प्रूसला लागणारी थंडी यांत फार अंतर आहे.

मग वऱ्हाडातल्या झाडांना झोप मिळतच नाही का? मिळते, आणि इतिहासाच्या दृष्टीनं मला यातलाच भाग जास्त मोलाचा वाटतो. जिथं हिवाळा पुरेसा नाही, तिथं इथल्या बागवानानं झाडाला तहानेनं झोपवण्याची विद्या हस्तगत केली. तिला आपण 'ताण देणं' म्हणतो.

संत्र्याचं झाड स्प्रूससारखं गाढ झोपणारं नाही. ते सदाहरित, उष्ण आणि समशीतोष्ण मुलखांच्या सीमेवरचं. त्याला बारमाही ऊब आणि बारमाही पाणी मिळालं तर ते वर्षभर वाढतच राहतं, आणि फुलं मात्र इथं चार, तिथं दोन अशी केव्हाही धरतं. झाड एकदम फुलायचं असेल तर आधी त्याला थांबवावं लागतं. थांबवण्याचे दोन उपाय, थंडी नाही तर तहान.

या विद्येची भाषा बघा. बाग, बगीचा, बागवान, बहार हे सगळे शब्द फारसी आणि कलम अरबीतून आलेला. इमादशाहीपासून निजामापर्यंत अचलपूर-बाळापूरच्या मुलखावर ज्या राजवटी आल्या, त्यांची ही ठेव. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरानं खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं त्यानं नहर खेळवली आणि पाण्याच्या त्या आधारावर बागा उभ्या राहिल्या. नागपूरकर भोसल्यांनी संत्र्याची झाडं आणली ती तिथूनच, असं परंपरेनं सांगितलं जातं. नागपूर, काटोल आणि मग वर्धा नदीच्या या अंगाला वरुड-मोर्शी असा हा पट्टा पसरत गेला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि हे फळ दूरच्या बाजारात जाऊ शकलं.

फारसीत बहार म्हणजे वसंत. आपण म्हणतो आंबिया बहार, मृग बहार, हस्त बहार. म्हणजे वऱ्हाडच्या बागवानानं एका वर्षाचे तीन वसंत केले! आंब्याला मोहोर येतो तेव्हाचा तो आंबिया, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. मृगाच्या पावसावर जूनमध्ये फुलतो तो मृग. पावसाळा सरताना हस्ताच्या सुमारास येतो तो हस्त. यांतला एकच धरायचा, हा जुना नियम. दोन-दोन बहार घेणाऱ्याचं झाड लवकर म्हातारं होतं. स्प्रूसचा वसंत आकाशातून येतो, इथला वसंत शेतकरी ठरवतो.

ताण कसा देतात? आंबियासाठी डिसेंबरात पाणी तोडायचं. तेव्हा थोडीफार थंडीही असते, ती मदतीला येते. मृगासाठी एप्रिलअखेर ते मे असा ऐन उन्हाळ्यात ताण. मुरमाड, हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. भारी काळ्या जमिनीत दोन-दोन महिने लागतात, कारण ती माती पाणी धरून ठेवते आणि आपण तोडलं तरी ती झाडाला चोरून पाजत राहते. कपाशीला जी जमीन वरदान, तीच संत्र्याला ताण देताना अडून बसते.

पूर्वी झाडाभोवतीची माती खणून वरच्या बारीक मुळ्या उघड्या करत, त्यांना ऊन दाखवत, काही छाटत, आणि मग शेणखत-माती घालून पुन्हा झाकत. ओमियातला माणूस कुंडी बदलताना मुळं छाटतो आणि वरुडचा माणूस आळ्यात मुळं उघडतो. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण झाडाला नव्यानं उठवायचं तर हात मुळांशी घालावा लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. जखमी मुळांतून बुरशी शिरते आणि डिंक्या बळावतो, म्हणून आता कृषिशास्त्रज्ञ खोल खोदणं टाळायला सांगतात. भारी जमिनीत ताण बसत नसेल तर वाढ रोखणाऱ्या औषधाची फवारणी सुचवतात. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं, नागपूरचं लिंबूवर्गीय फळांचं संशोधन केंद्र १९८५ साली. या दोन्हींच्या शिफारशींमुळे आधी अंदाजानं होणारी बरीच कामं आता मापानं होतात. पण ताण नेमका केव्हा पुरा झाला, हे अजूनही डोळ्यांनीच ओळखावं लागतं. पानांचं तेज उतरतं. दुपारी वळलेलं पान संध्याकाळीही सरळ होत नाही. झाडाखाली पानांचा सडा पडतो, साधारण चौथा हिस्सा पानं गळतात. मे महिन्यात बांधावर भेटलेली माणसं एकमेकांना "बसला का गा ताण?" असं विचारतात ते हेच.

यापुढे एक पाऊलही गेलं तर धोका. ताण कमी पडला तर नुसती पालवी येते, फुलं येत नाहीत. जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळतात, सल वाढते आणि झाड हातचं जातं. मरणाच्या जवळ नेऊन परत आणायचं असं हे काम आहे. ताण तोडतानाही एकदम पाट सोडून देत नाहीत. पहिलं पाणी हलकं, काही दिवसांनी दुसरं जरा जास्त, मग भरपूर. तीनेक आठवड्यांत सगळा बगीचा पांढरा होतो आणि गावात शिरण्याआधीच वास येतो.

मृग बहारामागे एक मोठा व्यवहारी शहाणपणा होता, त्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. वऱ्हाडात विहिरींना पाणी सर्वांत कमी केव्हा? एप्रिल-मे महिन्यांत. आणि मृगाचा ताणही तेव्हाच. म्हणजे पाणी नसतं त्याच दिवसांत झाडाला पाणी द्यायचं नसतं. मोटेच्या काळातल्या माणसानं आपली टंचाई झाडाच्या झोपेशी अशी जुळवून घेतली होती. आंबियाचं तसं नाही. त्याची फळं झाडावर असताना मे महिना येतो आणि तेव्हा पाणी तोडलं तर फळं गळतात.

पुढे मोट गेली, विजेचे पंप आले, बोअर आले. उन्हाळ्यातही पाणी उपसता येऊ लागलं, लागवड वाढली आणि सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल खाली-खाली जात राहिलं. वरुड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या सरकारी वर्गवारीत अतिशोषित म्हणून गणले गेले. मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरण उभं राहिलं, पण प्रत्येक बगीचा काही कालव्याच्या हद्दीत येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यात कित्येक बगीचे पाण्यावाचून वाळले. लोकांनी टँकर लावले, आणि नाही जमलं त्यांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. संत्र्याचं झाड नीट फळायला पाच-सहा वर्षं घेतं. ते तोडणारा माणूस पुढची पाच-सहा वर्षंही तोडत असतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं विहिरीला पाणी लागत नाही.

दुसरी अडचण आकाशाची. ताण म्हणजे ठरवून दिलेली तहान. ती मध्येच अवकाळी पावसानं भागली तर सगळं मुसळ केरात. २०२५ साली मे महिन्यातच महाराष्ट्रात पाऊस येऊन धडकला. अशा वर्षी मृगाचा ताण अर्ध्यावर तुटतो आणि फुलांऐवजी पानं येतात. उलट जूनमध्ये पाऊस लांबला तर ताणावरचं झाड किती दिवस तसंच उभं ठेवायचं, या काळजीनं माणसाला झोप लागत नाही. थंडी कमी पडली तर आंबियाचाही बहार विस्कटतो. ओमियात स्प्रूस सांभाळणारा हिवाळ्यावर विसंबून असतो, आपला शेतकरी नक्षत्रांवर, आणि दोघांच्याही पंचांगात आता चुका निघू लागल्या आहेत.

आता ज्यांना कुंडीतच झाड हवं आहे त्यांच्यासाठी थोडं. बोन्सायला मराठीत 'वामनवृक्ष' असा सुंदर शब्द आहे आणि वऱ्हाडात वामनवृक्ष जागोजागी आपणहून उगवलेले आहेत. गाविलगड, नरनाळा, बाळापूरचा किल्ला, अचलपूरचा परकोट, कुठंही बघा. दगडांच्या सांध्यात मूठभर चुन्यामातीवर वर्षानुवर्षं तग धरून असलेले वड, पिंपळ, उंबर दिसतील. कुनाशिरच्या दलदलीत बर्फानं जे केलं, ते इथं दगडानं आणि उन्हानं केलं. किल्ल्याच्या भिंती उकरून ती झाडं मात्र काढू नका, तो गुन्हा आहे आणि भिंतीचंही नुकसान आहे. रोपवाटिकेतून किंवा जुन्या घराच्या गच्चीवर नकोशा उगवलेल्या रोपातून सुरुवात करावी.

या झाडांचं वर्ष आपल्या हवेप्रमाणे चालतं. पुस्तकात 'मार्चमध्ये कुंडी बदला' असं वाचून वडाची मुळं मार्चमध्ये छाटली, तर पुढचे तीन महिने तो उन्हाशी झुंजणार. त्यापेक्षा मृगाचा पाऊस स्थिरावला की कुंडी बदलावी, हवेतला ओलावा जखमा भरून काढतो. पावसाळ्यात फुटवा जोरात येतो, तेव्हा शेंडे खुडावेत. तार बांधली असेल तर दर पंधरवड्याला पाहावी, वड लवकर जाडतो आणि तार सालीत रुतते. हिवाळ्यात पाणी कमी करावं, मुळं छाटू नयेत. एप्रिलपासून दुपारची सावली, सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि कुंडी तापू नये म्हणून ती ओल्या वाळूच्या थाळ्यात ठेवावी. गच्चीची फरशी झाडाला उन्हापेक्षा जास्त भाजते.

आणि डोंगरातल्या सूचिपर्णी झाडाचं रूपच हवं असेल तर सुरू लावा. त्याची पानं दिसतात सुईसारखी, पण त्या खऱ्या सुया नव्हेत, हिरव्या बारीक डहाळ्या आहेत. उष्ण देशांतले बोन्सायवाले ते आवडीनं वापरतात. मोरपंखीही आपल्या हवेत टिकते. या दोघांनाही बर्फाची आठवण येत नाही.

एखाद्या कुंडीत जंबेरीही लावून पाहावी. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटची पन्हेरी दूरदूर जाते, ती याच जंबेरीच्या खुंटावर बांधलेली असते. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा जमिनीच्या जवळ भरला तर पावसात उडालेल्या चिखलातून बुरशी चढते. दोन-तीन वर्षांची जंबेरी कुंडीत असेल, तर एप्रिलअखेरीस तिचं पाणी हळूहळू तोडून पाहा. कुंडीतली माती थोडी, म्हणून महिना नव्हे, काही दिवसच पुरतात. पानं मलूल होऊन संध्याकाळीही सावरेनाशी झाली की लगेच हलकं पाणी द्या, दोन दिवसांनी पुन्हा, मग नेहमीसारखं. आणि या सगळ्या काळात आकाशाकडे लक्ष असू द्या. ढग दिसले तर कुंडी उचलून आत ठेवता येते, बगीच्याला ती सोय नाही.